मांढरदेवच्या धारेवरून आलेलं चित्र

माझे वडील, आबा, साताऱ्याला माझ्याकडे राहायला आले ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. एका डोळ्याचं झालं, दुसऱ्याचं महिन्याभराने करायचं ठरलं. मधल्या काळात कडेगावला परत जायचं नाही, हा माझा आणि आईचा निर्णय होता. घरी गेले की ते उसाला पाणी पाजायला जाणार, वाकणार, धूळ डोळ्यात घालून घेणार, हे दोघींनाही माहीत होतं. आई शेताकडे बघायला गावी थांबली आणि आबा माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये काळा चष्मा लावून खुर्चीत बसले.

आबांनी सैन्यात सगळी नोकरी वायरलेसवर काढली. आमच्या भागात घरटी एकजण फौजेत असतो, त्यामुळे त्याचं कुणाला अप्रूप नसतं. आबा स्वतःही त्याबद्दल बोलत नसत. लहानपणी मला एवढंच कळायचं, की त्यांच्या हातात बंदूक नसते, कानाला काहीतरी लावलेलं असतं. आता त्यांचा डावा कान जवळजवळ गेलेला आहे. आम्ही सगळे त्यांच्या उजव्या बाजूला बसून बोलतो.

चौथ्या-पाचव्या दिवशी मी शाळेतून आले तर आबा खिडकीपाशी भिंग घेऊन बसले होते. मांडीवर आमच्या टीव्हीचं माहितीपुस्तक. ते पुस्तक घरात आहे हे मलाही माहीत नव्हतं.

"ह्यो टीव्ही हवेतलं धरतोय," ते म्हणाले. "डिजिटल. मागं भोक हाय बघ त्याला, ॲंटेनाचं. रिकामंच हाय."

"आबा, आपल्याकडे डिश आहे ना."

"ती आभाळातनं घेती गं. मी जमिनीवरनं आलेलं म्हणतोय."

मी त्यांना सांगितलं, की गावोगावची जुनी प्रक्षेपण केंद्रं केव्हाच बंद झाली, पूर्वीसारखं चित्र आता कुठूनही येत नाही. जमिनीवरून डिजिटल प्रक्षेपण होतं ते फक्त काही मोठ्या शहरांसाठी. आपल्याला जवळचं म्हणजे पुण्याचं, आणि तो मनोरा सिंहगडावर.

"सिंहगडावर," आबा म्हणाले. माहितीपुस्तक मिटलं. मग म्हणाले, "नकाशा हाय का?"

मी हायस्कूलला विज्ञान शिकवते, पण भूगोलाच्या बाईंचा एक मोठा नकाशा माझ्या कपाटात पडून होता. आबांनी तो जमिनीवर पसरायला लावला. सुईदोरा मागितला. दोऱ्याचं एक टोक सिंहगडावर मी धरलं, दुसरं साताऱ्यावर त्यांनी. दोरा ताणला तेव्हा तो बरोबर मांढरदेवच्या डोंगरावरून गेला.

"बघा," मी म्हणाले. "मध्ये डोंगर आडवा आहे. असे तरंग सरळ रेषेत जातात. डोंगराला धडकले की संपलं."

"असं शिकिवतीस तू पोरांना?"

"हो."

"डोंगर कसला हाय त्याच्यावर असतंय ते," आबा म्हणाले. "गोल माथ्याचा असला तर न्हाई. पण मांढरदेवला धार हाय."

आणि मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. उत्तरेत कुठेतरी, ठिकाणाचं नाव त्यांनी तेव्हाही घेतलं नाही, त्यांची चौकी एका डोंगरकड्याच्या अलीकडे होती आणि दुसरी चौकी पलीकडे. मधला कडा सुरीसारखा. वरिष्ठ म्हणाले, इथून बोलणं होणार नाही, माणूस पाठवून निरोप द्यावा लागेल. आबांनी ॲंटेना पलीकडच्या चौकीच्या दिशेने न लावता कड्याच्या धारेवर रोखला. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी ॲंटेना थोडा खाली घेतला आणि पलीकडच्या माणसाचा आवाज आला. बारीक, पण शब्दन् शब्द कळत होता. पुढचा सगळा हिवाळा ते दोघे एकमेकांशी बोलले. तो माणूस आबांनी कधी पाहिला नाही.

"आवाज धारेवर येतोय आन् वाकून खाली उतरतोय," आबा म्हणाले. "कसा वाकतोय ते मला कुणी सांगितलं न्हाई. पण वाकतोय."

मी त्यांची लेक. चाळिशी ओलांडलेली. ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी आबांनी मला यादी दिली. ॲल्युमिनियमची बारीक नळी, प्लॅस्टिकचा पाइप, स्क्रू, चांगल्या तांब्याची केबल. दुकानदाराने विचारलं, कशाला पाहिजे. मी सांगितलं, टीव्हीच्या ॲंटेनाला. तो म्हणाला, "बाई, आता कोण लावतंय? काढून भंगारात देतात लोक." पण त्याने नळी दिली.

मला वाटत होतं, जुने ॲंटेना असायचे तसा हातभर लांब काड्यांचा सांगाडा करायचा. आबा म्हणाले, तो जुन्या प्रक्षेपणाचा. ह्या लाटा आखूड आहेत, त्यांना काड्याही आखूड लागतात, वीतभरापेक्षा थोड्या मोठ्या. प्रत्येक काडी ते मिलिमीटर मोजून खूण करायचे. करवत चालवायची त्यांना बंदी होती, म्हणून कापायचं काम माझं. काडी जराशी जास्त कापली गेली की ते ती बोटांनी चाचपून बाजूला ठेवायचे. डोळा झाकलेला असताना त्यांना फरक कळायचा. मी पट्टी लावून बघितलं, दोन मिलिमीटरचाच होता.

रविवारी आम्ही कामाला लागलो. आबांना मी गच्चीवर चढू देत नव्हते. मी वर, ते खाली टीव्हीसमोर, आणि मध्ये फोन चालू. माझा नवरा आबांच्या उजव्या कानाशी बसून मी काय म्हणते ते त्यांना सांगत होता.

लहानपणी मी हे काम केलेलं आहे. पण तेव्हा पडद्यावर मुंग्या तरी असायच्या. ॲंटेना फिरवला की मुंग्या कमी-जास्त व्हायच्या, मुंग्यांच्या आड माणसाची सावली दिसायची, आणि कुठे वळायचं ते कळायचं. डिजिटलमध्ये तसं काही नाही. पडदा निळा, त्यावर 'नो सिग्नल' ही अक्षरं. बोटभर फिरवा, वीतभर फिरवा, अक्षरं तशीच. आपण जवळ आलोय की लांब चाललोय, काहीच कळत नाही. त्या रविवारी मी दोन तास उन्हात उभी होते. पुढच्या रविवारी तीन तास. शेजारच्या काकूंनी वाळवणं टाकायला येऊन दोनदा विचारलं, काय शोधताय.

मी मनातून सोडून दिलं होतं. आबांची हौस म्हणून करत होते, आणि त्यात एक किंचित समाधानही होतं, की तरंग सरळच जातात.

तिसऱ्या रविवारी मी गच्चीवर पोहोचले तर मागून काठीचा आवाज आला. आबा जिना चढून आले होते. मी रागावले. ते म्हणाले, "डॉक्टरनं वाकू नगं म्हटलंय. चढू नगं म्हटलं न्हाई."

खुर्ची आणून दिली त्यात ते बसले, तोंड उत्तरेकडे करून. हवा स्वच्छ होती. लांब मांढरदेवची निळसर रेघ दिसत होती. एका डोळ्याने त्यांना ती किती दिसत असेल कोण जाणे, पण बराच वेळ ते तिकडेच बघत राहिले. मग गच्चीवर नजर फिरवली.

"ह्या टाक्यांच्या जवळ कशाला लावलाय?"

"तिथेच सगळ्यात उंच आहे, आबा."

"उंच म्हंजे चांगलं असं न्हाई. टाकीवर लाट आपटती आन् परत येती, दोन्हीचा घोळ व्हतोय. कठड्यापाशी घे. आन् हातभर खाली."

मी खाली घेतला. मनात म्हणत होते, उंच असताना आलं नाही ते खाली घेऊन काय येणार. आबांनी मला दोन पावलं उजवीकडे सरकायला लावलं. मग अर्धं पाऊल मागे. टोक डोंगराच्या माथ्यावर नाही, माथ्याच्या जरा डावीकडे जिथे रेघ खाली उतरते तिथे रोखायला लावलं.

खाली नवरा टीव्हीच्या मेनूत सिग्नलच्या दोन पट्ट्या बघत बसला होता. एक जोराची, एक शुद्धतेची. दोन आठवडे शुद्धतेची पट्टी शून्यावर होती. फोनवर तो म्हणाला, "थांब. काहीतरी हललं."

मी पाइप घट्ट धरला. आबांना ऐकू गेलं नव्हतं. मी हाताने खूण केली, थोडं आलं. त्यांनी हाताने खूण केली, केसभर डावीकडे.

"चढतेय," नवरा म्हणाला. "अजून. अजून. थांब, आता हलवू नकोस." मग बराच वेळ काही नाही; तो वाहिन्या शोधायचं बटण दाबून बसला होता. मग त्याच्या आवाजाच्या मागे दुसरा एक आवाज आला. एक माणूस मराठीत हळदीच्या कंदाबद्दल सांगत होता.

मी पाइप तिथेच तारेने आवळला आणि धावत खाली आले. खरं सांगते, मला वाटलं होतं काहीतरी अंधुक, तुटक दिसेल. पण पडद्यावर हळदीचं शेत होतं आणि पानावरची शीर न् शीर दिसत होती. डिशवर असतं तेवढंच स्वच्छ, माझ्या डोळ्यांना तर त्याहून जास्त. अर्ध्या मिनिटापूर्वी काहीच नव्हतं, आणि आता सगळं होतं. मधलं काही नाही. सिंहगडावरून निघालेलं ते शेत मांढरदेवच्या धारेवर वाकलं होतं आणि मी करवतीने कापलेल्या नळ्यांमधून माझ्या घरात उतरलं होतं. मी पलंगाच्या कडेवर बसून राहिले. आबा सावकाश जिना उतरून आले, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाले, "व्हय. धार हाय त्याला."

पुढचा आठवडा आम्ही ते चित्र पक्कं करण्यात घालवला. संध्याकाळ झाली की ते चौकोन-चौकोन होऊन फुटायचं. आबांनी एकेक दिवा बंद करायला लावून शोधून काढलं, की जिन्यातला एक स्वस्तातला एलईडी दिवा घोटाळा करतोय. तो बदलला. केबलचा एक सांधा सैल होता, तो काढून अखंड केबल टाकली. मी हौसेने सिग्नल वाढवायचं यंत्र आणलं होतं, ते आबांनी काढायला लावलं. "आवाज वाढतोय तसा गलकाबी वाढतोय," म्हणाले. त्यानंतर चार-पाच सरकारी वाहिन्या आल्या त्या आजतागायत आहेत. पावसात डिश जाते, तेव्हाही त्या असतात.

कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीला मी फोन केला. ती म्हणाली, "असं होतं. धारदार कड्यावरून तरंग वाकतात, पुस्तकात गणित आहे त्याचं. पण तुझ्या गच्चीवर येईल असं मी कधीच लिहून दिलं नसतं." मी तिच्याकडून ते पुस्तक मागवून वाचलं. बारीक फटीतून प्रकाश वाकतो हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आले होते. डोंगर हीसुद्धा कडाच असते, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आबा गावी जायला निघाले आणि जाताना म्हणाले, उरलेल्या नळीतून आणखी एक ॲंटेना करून दे. कडेगावला लावायचा.

साताऱ्याहून कडेगाव सिंहगडाला आणखी कितीतरी लांब पडतं. मध्ये एक डोंगर नाही, रांगाच आहेत. मैत्रीण म्हणाली, विसरा. आबांना मी तसं सांगितलं.

"रोज न्हाई येणार," ते म्हणाले. "पण कवातरी येईल. थंडी पडू दे."

दिवाळीनंतर त्यांनी घराच्या स्लॅबवर ॲंटेना चढवला. तेव्हापासून आईच्या फोनमध्ये एक तक्रार ठरलेली असे. "सकाळी उठत्यात आन् निळ्या पडद्याम्होरं बसत्यात. म्या म्हणती, आवं, चार घोट च्या तरी घ्या. तर म्हणत्यात, धुकं बघ कसं पडलंय." नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. मी विचारायचं बंद केलं.

जानेवारीत एके दिवशी आईचा फोन आला. आवाज वेगळाच होता. "काल सकाळी तुझ्या बापाला दिसलं," ती म्हणाली. "म्याबी बघितलं. तू ये."

शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर मी कराडची एसटी धरली, कराडहून कडेगावची. आबांनी स्टँडवर विचारलं ते एवढंच, "गार हाय न्हवं तिकडं?"

रविवारी पहाटे आईने उठवलं. बाहेर थंडी कडक होती. आम्ही स्लॅबवर गेलो. खाली शिवार दिसतच नव्हतं. धुक्याचा एक सपाट थर ऊस, विहिरी, रस्ता सगळ्यावरून पसरला होता, आणि त्याच्या वर डोंगराचे माथे मोकळे होते. वारा अजिबात नव्हता. आबांनी हाताने तो थर दाखवला.

"खाली गार हवा बसलीया, वर ऊबदार. झाकण बसल्यागत. लाट वर जाया बघती तर झाकणाला लागून परत खाली येती. तशीच घसरत घसरत लांब जाती. फौजेत असताना वाळवंटात होतो तवा पहाटं कुठकुठले आवाज यायचे. ज्यांचा आमचा काय संबंध न्हाई, असल्या लोकांचे."

"मग तुम्ही काय करायचात?"

"ऐकायचो," आबा म्हणाले.

खाली येऊन आम्ही तिघं टीव्हीसमोर बसलो. निळा पडदा. नो सिग्नल. आईने चहा आणला. साडेसहा झाले, पावणेसात झाले. आबांच्या चेहऱ्यावर घाई नव्हती. मला तेव्हा लक्षात आलं, की ह्या माणसाने आयुष्यातली वर्षंच्या वर्षं असं बसून काढली आहेत, येईल की नाही याची खात्री नसलेल्या आवाजाची वाट बघत. आम्ही घरात त्याला गप्प स्वभाव म्हणायचो.

सात वाजायला आले तेव्हा अक्षरं गेली. पडदा काळा झाला, एक चौकोन उजळला, मग आणखी काही, आणि एका झटक्यात चित्र लागलं. पांढऱ्या झब्ब्यातला एक म्हातारा गवई तानपुरा मांडीशी घेऊन गात होता. मी उठून टीव्हीच्या जवळ गेले. तानपुऱ्याच्या तारा मोजता येत होत्या. त्याच्या बोटातल्या अंगठीवर दिवा चमकत होता. हे आत्ता, या क्षणी, सिंहगडावरून निघून नीरा ओलांडून, कृष्णा ओलांडून, कोरेगाव आणि पुसेसावळीवरून त्या धुक्याच्या पाठीवर घसरत आमच्या घरापर्यंत आलं होतं. वाटेत लाखभर माणसं झोपेतून उठत असतील, म्हशींच्या धारा काढत असतील, कुणाच्या तरी डोक्यावरून हा गवई गात गात गेला असेल. त्यांतल्या कुणालाही कळलं नसेल.

आबांना हे सांगावंसं वाटलं, पण ते उजवा कान टीव्हीकडे करून बसले होते, डोळे मिटून. नवी काच बसवलेले दोन्ही डोळे मिटून.

आई पदराने हात पुसत उभी होती. ती हळूच म्हणाली, "कोण गातोय कुणास ठावं. पण आपल्याकडं आलाय म्हणायचं."

ते चित्र पाऊण तास टिकलं. खिडकीतून पहिलं ऊन आत आलं तशी गवयाच्या चेहऱ्यावर चौकोनाची एक पट्टी सरकली. ती गेली, परत आली. एक तान अर्ध्यात तुटली, पुढची पूर्ण ऐकू आली. मग चित्र गोठलं. त्याचा हात वर होता, तोंड उघडं होतं, आणि तसाच तो निळ्यात विरून गेला. मी बाहेर जाऊन बघितलं. धुकं फाटायला लागलं होतं, खालून उसाचे शेंडे वर येत होते.

त्यानंतर त्या हिवाळ्यात आबांना ते आणखी तीनदा मिळालं. एकदा फक्त आवाज आला, चित्र नाही. मी पुन्हा दोनदा जाऊन बसले, दोन्ही वेळा वारा होता. त्याचं मला वाईट वाटलं नाही. शाळेत मात्र मी नववीच्या वर्गाला तो पाठ पुन्हा शिकवला. आधी सांगितलं होतं त्यात चूक होती हे सांगून.

त्या पहिल्या रविवारी गवई गेल्यावर आम्ही तिघं अजून निळ्या पडद्याकडे बघत होतो, तेवढ्यात भिंतीवरचा मोटरचा दिवा पेटला. शेतातली लाइट आली होती. आबा उठले, दाराआडचे गमबूट पायात चढवले आणि म्हणाले, "चल, खालच्या तुकड्याला पाणी लावायचंय." मी अंगावरची शाल आईकडे दिली आणि त्यांच्या उजव्या बाजूने चालायला लागले.